सगळ्यांत आधी आलेलं उत्तर

१

मायाक्काला साप चावला तेव्हा ती मंद्रूपच्या पलीकडच्या माळावर मेंढरांच्या वाघरीची, म्हणजे जाळीच्या कुंपणाची, मेख ठोकत होती. भरदिवसा, बाजाराच्या दिवशी. नवऱ्याने, सिद्धनाथने, लगेच 'धाव' या रुग्णवाहिका सेवेला फोन लावला. धावची एक गाडी मंद्रूपच्या एसटी स्टँडसमोर उभीच होती, माळापासून हाकेच्या नाही तरी चार गाणी वाजतील एवढ्या अंतरावर. पण सोलापूरच्या नियंत्रण कक्षात फोन घेणाऱ्या ऋतुजाच्या स्क्रीनवर अक्षरं उमटली : 'जिल्ह्यात एकही गाडी मोकळी नाही.'

शेवटी सिद्धनाथने बायकोला शेजारच्या वस्तीवरच्या पिकअपमध्ये घातलं. वाटेत धावची गाडी त्यांना आडवी आली, आणि तिथून पुढे मायाक्काला ऑक्सिजन लावून सोलापूरच्या सरकारी रुग्णालयात आणलं. आता ती कृत्रिम श्वासावर होती. डॉक्टर हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते.

"कुणाचं तरी चुकलंय," धावचे प्रमुख मुकुंदराव म्हणाले. "कुणाचं, ते मला तुमच्याकडून कळायला हवं."

समोर इंद्रायणी मुळे बसल्या होत्या. मोठमोठ्या कंपन्यांची संगणक यंत्रणा मधेच का मंदावते, हे शोधून काढण्यात पुण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. आईवडलांसाठी त्या सोलापूरला परतल्या आणि अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवू लागल्या. धावची यंत्रणा सांभाळणारा अवधूत हा त्यांचाच विद्यार्थी.

"मॅडम, आपले तीन सर्व्हर आहेत," अवधूत सांगू लागला. "एक इथं, एक मोहोळला, एक अकलूजला. प्रत्येक गाडीतला मोबाईल सारखा तिघांनाही कळवत असतो, मी अमुक ठिकाणी आहे, मोकळी आहे. जवळची गाडी कोणती, हे तिघांपैकी कुणालाही विचारा, उत्तर तेच यायला हवं. एक बंद पडला तरी दोन असतात."

"आणि गर्दी झाली की?"

"पूर्वी गर्दीत स्क्रीन अडकायची. म्हणून मी पहारेकरी लिहिला." नाव घेताना त्याचा चेहरा उजळला. "तो प्रोग्रॅम तिन्ही सर्व्हरवर नजर ठेवतो. एरवी काम सोलापूरचा सर्व्हरच करतो. तो दमला, की जो लवकर उत्तर देतो त्याच्याकडे पहारेकरी काम वळवतो. आपोआप. माणसानं हात लावायचा नाही. हा त्या दिवसाचा आलेख बघा."

आलेख हिरवागार होता. मायाक्कासाठी फोन आला त्या वेळी तर उत्तरं नेहमीपेक्षाही लवकर आली होती.

"यंत्रणा उत्तम चालली होती. म्हणजे चूक माणसाची," अवधूत म्हणाला. "मंद्रूपच्या गाडीवरच्या शहाजीनं मोबाईल बंद करून झोप काढली असणार. आणि ऋतुजानं एकच बटण कितीतरी वेळा दाबलं. वर नियम मोडून शहाजीला थेट फोन केला."

मुकुंदरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पुढच्या बाजाराच्या दिवशी मी निर्णय देणार आहे, बाई. दोघांपैकी एकाला तरी घरी जावं लागेल."

२

ऋतुजा रडली नाही. ती चिडलेली होती.

"मी बटण दाबलं, खोटं कशाला बोलू? समोरून माणूस ओरडायलाय, 'हिचं डोळं मिटायलेत,' आणि स्क्रीन म्हणते गाडी नाही. तुम्ही असता तर एकदाच दाबून गप्प बसला असता का?"

"नसते बसले," इंद्रायणी म्हणाल्या. "शहाजीला थेट फोन का केला?"

"मंद्रूपची गाडी रिकामी परतल्याचं थोड्या वेळापूर्वी मीच ऐकलं होतं की. गाडी यंत्रणेनंच द्यायची, असा नियम आहे. नाहीतर एकाच गाडीला दोघंजण बोलावतात. नियम बरोबर आहे, मॅडम. पण मी तो मोडला, आणि तशी वेळ आली तर परत मोडेन."

इंद्रायणींना ही मुलगी आवडली, पण त्यांनी ते दाखवलं नाही. "स्क्रीन अडकली होती का त्या वेळी?"

"नाही ना! तेच तर. अडकली असती तर कळलं असतं, काहीतरी बिघडलंय. ही तर बोट उचलायच्या आत उत्तर द्यायली. 'जिल्ह्यात एकही गाडी मोकळी नाही.' पुन्हा दाबलं, पुन्हा तेच."

"याआधी कधी असं झालं होतं?"

"दोन-तीनदा. कायम गर्दीच्या वेळी. मी अवधूत सरांना सांगितलं होतं. ते दुपारी निवांत तपासायचे, आणि तेव्हा सगळं ठीक असायचं. मग मीच खोटी."

इंद्रायणी परत अवधूतच्या टेबलाशी आल्या. "शहाजीचा मोबाईल बंद होता असं धरू. मग स्क्रीनवर काय यायला हवं होतं?"

"त्याच्यानंतरची जवळची गाडी."

"पण स्क्रीन म्हणाली, जिल्ह्यात एकही नाही. शहाजी एक वेळ झोपला असेल. जिल्ह्यातले सगळे चालक एकदम झोपले होते का?"

अवधूत क्षणभर गडबडला, मग सावरला. "बाजाराचा दिवस होता, मॅडम. सगळ्या गाड्या कामावर असतील."

उत्तर चुकीचं म्हणता येत नव्हतं. त्या वेळी निदान मंद्रूपची गाडी काय करत होती, हे सांगू शकणारा माणूस एकच होता, आणि आरोप त्याच्यावरच होता.

३

शहाजीला शोधायला मंद्रूपला जावं लागलं नाही. तो रुग्णालयाच्या व्हरांड्यात सापडला. सिद्धनाथच्या शेजारी फरशीवर बसून त्याला डब्यातली भाकरी खायला लावत होता.

इंद्रायणींनी आपण कोण ते सांगताच सिद्धनाथ घास खाली ठेवून उभा राहिला.

"ताई, ह्या मानसाला कामावरनं काडनार म्हनत्यात. काडू नका. ह्यो आडवा आला म्हनून ती हितवर पोचली."

"मी कुणाला काढायला आले नाही, दादा. एवढंच विचारायचंय." त्या शहाजीकडे वळल्या. "त्या वेळी तुमचा मोबाईल बंद होता?"

"बंद?" शहाजी उसळला. "मोबाईल माज्या हातात व्हता, म्याडम. मोहोळच्या गाडीवरचा जोतिराम हाय न्हवं, त्यो मला भज्याचा फोटू पाठवत व्हता. 'ये खायाला' म्हनं. मी त्याला शिव्या लिवत व्हतो, तेवढ्यात ऋतुजाताईचा फोन आला. तसाच गाडी घिऊन सुटलो."

"जोतिराम भजी खात होता? म्हणजे त्याचीही गाडी मोकळी होती?"

"मोकळी म्हंजे? लई निवांत व्हता की त्यो."

शहाजीने मोबाईल पुढे धरला. कागदाच्या द्रोणातली भजी, मागे धावच्या गाडीचं दार, आणि खाली शहाजीचं अर्धवट राहिलेलं, छापता न येण्यासारखं उत्तर.

इंद्रायणींना हसू आलं, आणि लगेच ते मावळलं. दोन गाड्या मोकळ्या होत्या. दोन्ही मोबाईल चालू होते, दोघंही ठिकाण कळवत होते. तरी यंत्रणेने 'एकही नाही' असं सांगितलं होतं, तेही अगदी चटकन. माणसं खरं बोलत होती. खोटं बोलला होता तो सर्व्हर. पण तिघांतला कोणता? आणि का?

तेवढ्यात अतिदक्षता विभागाचं दार उघडलं. परिचारिकेने मान बाहेर काढली. "मायाक्काचे नातेवाईक कोण? लवकर आत या."

शहाजीने सिद्धनाथला दंडाला धरून आत नेलं.

४

मायाक्काची बोटं हलली होती. डाव्या हाताची, आणि सिद्धनाथने हाक मारल्यावर पुन्हा एकदा. डॉक्टर म्हणाले, घाई नको, पण लक्षण चांगलं आहे.

ही बातमी घेऊन इंद्रायणी नियंत्रण कक्षात आल्या तेव्हा अवधूतने खुर्चीत मागे टेकून मोठा श्वास सोडला. त्या माणसाला मायाक्काची काळजी नव्हती असं नाही. त्याला फक्त त्याचा पहारेकरी चुकेल हे पटत नव्हतं.

"अवधूत, तू दुपारी निवांत तपासतोस, तेव्हा उत्तर कोण देतो?"

"सोलापूरचा सर्व्हर. गर्दी नसते ना."

"आणि मायाक्काच्या वेळी कुणी दिलं?"

त्याने काही वेळ कळफलक बडवला. "अकलूज. त्या तासाभरात जवळजवळ सगळं काम अकलूजनंच केलं. सोलापूर आणि मोहोळ दमले होते, अकलूज सगळ्यांत लवकर उत्तर देत होतं. पहारेकऱ्यानं बरोबर त्याच्याकडे वळवलं."

"अकलूजचा सर्व्हर नवा आहे का? जास्त ताकदीचा?"

"नाही," अवधूत म्हणाला, आणि बोलता बोलता त्याच्या कपाळावर आठी आली. "उलट तिघांत सगळ्यांत जुना."

बाजाराच्या दिवशी सकाळी इंद्रायणी अकलूजला निघाल्या. ऊस तोडून नेणाऱ्या ट्रॉल्यांमागे गाडी रखडली. धावचा सर्व्हर एका दूध संकलन केंद्राच्या मागच्या खोलीत ठेवलेला होता. त्या पायऱ्या चढून आत आल्या आणि भिंतीवरचं घड्याळ बघून ओशाळल्या. अकराला येते म्हणून सांगितलं होतं आणि काटा तर पुढे गेला होता.

"उशीर झाला, माफ करा."

"कुटं उशीर?" केंद्रात झाडलोट करणाऱ्या बजाबाई चहाचा पेला पुढे करत म्हणाल्या. "घड्याळ पुडंच हाय त्ये. सायबांनी मुद्दाम धा मिन्टं पुडं ठेवलंय. पोरं येळंवर येत न्हाईत की."

इंद्रायणी हसल्या आणि चहा घेऊन आतल्या खोलीत गेल्या. तिथे गुरुसिद्धप्पा वाट बघत होता. तो मूळचा अक्कलकोटकडचा. सोलापूरहून अधूनमधून येऊन सर्व्हरची देखभाल करायचा. त्याने सर्व्हरवरची धूळ आधीच पुसून ठेवली होती.

"काही बिघाड नाही, मॅडम. एकदम तंदुरुस्त आहे. मधे वीज पडली तेव्हा तेवढा बंद पडला होता. इंटरनेटचा डबा जळला, तो नवा बसवला. सर्व्हर चालू केला, सगळं मीच नीट लावून दिलं. वेळसुद्धा चुकलेली होती, तीही लावली."

इंद्रायणींचा पेला ओठांपाशीच थांबला. "वेळ तर तो इंटरनेटवरून आपोआप घेतो ना?"

"पूर्वी घ्यायचा. नवा डबा बसवल्यापासून घेईना. म्हटलं, हातानं लावू. त्यात काय?"

"गुरुसिद्धप्पा, वेळ लावली ती कशात बघून?"

गुरुसिद्धप्पाने उघड्या दारातून बाहेरच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

५

"अवधूत, तिन्ही सर्व्हरना वेगवेगळं विचार. प्रश्न एकच, कोणत्या गाड्या मोकळ्या आहेत."

फोनवरून त्याच्या बोटांचा आवाज आला. "मोहोळ विचार करतोय... आलं. बऱ्याच आहेत. सोलापूर... आलं, त्याच गाड्या. अकलूज..."

कळफलकाचा आवाज पुन्हा आला.

"अकलूज काय म्हणतो?"

"एकही नाही." त्याचा आवाज बदलला होता. "मॅडम, मी प्रश्न पाठवला आणि उत्तर समोर. शोधलंसुद्धा नाही त्यानं."

"त्याच्याकडे शोधायला काही नाहीच. गाडी आपलं ठिकाण कळवते तेव्हा सोबत काय पाठवते?"

"कळवल्याची वेळ."

"आणि पाच मिनिटांपेक्षा जुनं ठिकाण विश्वासाचं धरायचं नाही, असा तुझा नियम आहे. गाडी तोवर दुसरीकडे गेलेली असते. नियम योग्यच आहे. पण अकलूजचं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे. आत्ता आलेला निरोपही त्याला दहा मिनिटांपूर्वीचा वाटतो. तो प्रत्येक गाडी टाकून देतो. मग अंतर मोजायचं नाही, रस्ता बघायचा नाही. 'नाही' म्हणून मोकळा!"

अवधूतला पुढचं सांगावं लागलं नाही. "आणि पहारेकऱ्याला वाटतं, हा सगळ्यांत हुशार. तो सगळं काम त्यालाच देतो." तो आता स्वतःशीच बोलल्यासारखा बोलत होता. "गाडी मिळत नाही म्हणून ऋतुजा पुन्हा विचारते. काम वाढतं. बाकीचे दोघं आणखी दमतात. अजून काम अकलूजकडे जातं. आणि माझा आलेख हिरवा."

"तू त्याला मंद सर्व्हर पकडायला शिकवलंस. चुकीचं उत्तर पकडायला शिकवलं नाहीस."

एवढ्यात फोनमधून मागचा आवाज आला. ऋतुजाचा. "मोहोळच्या अलीकडे, हायवेवर? किती जणांना लागलंय? थांबा, फोन ठेवू नका." आणि लगेच, "सर, परत तेच आलंय! एकही गाडी नाही म्हणायलंय!"

गुरुसिद्धप्पाचा हात सर्व्हरच्या कळफलकाकडे गेला. इंद्रायणींनी त्याला थांबवलं. चालू कामाच्या मधेच घड्याळ मागे सरकवलं तर आणखी काय गोंधळ होईल सांगता येत नव्हतं.

"अवधूत, अकलूजला कामातून बाजूला काढ. आत्ता."

"मॅडम, बाजाराची गर्दी आहे! उरलेल्या दोघांवर सगळा भार येईल. स्क्रीन अडकेल."

"अडकू दे. उशिरा येईल, पण खरं उत्तर येईल. काढ."

पलीकडून एक कळ दाबल्याचा आवाज.

"काढलं. ऋतुजा, एकदाच दाब. फक्त एकदाच. आणि थांब."

"फिरायलंय," ऋतुजा म्हणाली. "अजून फिरायलंय, सर..."

अकलूजच्या त्या खोलीत पंख्याचा आवाज मोठा वाटू लागला. गुरुसिद्धप्पा डोळे मिटून कानडीत काहीतरी पुटपुटत होता.

"आलं! जोतिराम, मोहोळ नाका!" ऋतुजा ओरडलीच. मग तिचा आवाज खाली आला, हायवेवरच्या त्या अनोळखी माणसाशी ती बोलू लागली. "दादा, गाडी निघाली. ज्याला रक्त येतंय त्याला उठवू नका. कापडानं दाबून धरा. मी आहे फोनवर."

इंद्रायणी दाराच्या चौकटीला टेकल्या.

६

संध्याकाळी मुकुंदरावांच्या खोलीत सगळे जमले. हायवेवरचे दोघंही जखमी धोक्याबाहेर होते. गुरुसिद्धप्पा कोपऱ्यात उभा होता. बसायला सांगितलं तरी बसेना.

"घड्याळ मी लावलं, साहेब. काय शिक्षा द्यायची ती द्या."

मुकुंदरावांनी इंद्रायणींकडे पाहिलं. "तुमचं काय म्हणणं?"

"यांना काढलं तर उद्या दुसरं कुणीतरी दुसऱ्या भिंतीकडे बघून वेळ लावेल," इंद्रायणी म्हणाल्या. "घड्याळ हातानं लावायची पाळीच येता कामा नये. आणि तीन सर्व्हरपैकी एकजण भलतंच बोलायला लागला, तर ते मायाक्काच्या आधी आपल्याला कळायला हवं."

मुकुंदरावांनी कामावरून काढायचे तयार ठेवलेले दोन्ही कागद, ऋतुजाचा आणि शहाजीचा, फाडून टाकले.

अवधूत उठून ऋतुजाच्या समोर उभा राहिला. "तू सांगितलं होतंस. मी आलेखावर विश्वास ठेवला, तुझ्यावर नाही. चुकलो."

"बरं," ऋतुजा म्हणाली. "आता काय करणार ते सांगा की."

ते ठरवायला दोघं शेजारी बसले. अवधूतने पहारेकरी नव्याने लिहिला, आणि फोन घेताना काय काय होतं ते ऋतुजाने त्याला एकेक करून सांगितलं. नवा पहारेकरी नुसतं कोण लवकर बोलतो ते बघत नाही. धावच्या आवारात एक मोबाईल कायमचा बांधून ठेवला आहे. तो सर्व्हरना आपण गाडी असल्यासारखं ठिकाण कळवतो. ही गाडी कुठे आहे, असं पहारेकरी तिघांनाही सारखं विचारतो. जो चुकेल त्याचं काम तो काढून घेतो, घड्याळ तपासून नीट करतो, गरज पडली तर त्याला पुन्हा चालू करतो, आणि बरोबर उत्तरं यायला लागल्यावरच हळूहळू काम परत देतो. गुरुसिद्धप्पाने अकलूजच्या नव्या डब्याची जोडणी दुरुस्त केली. यंत्रणेचं उत्तर पटत नसेल तर चालकाला थेट फोन करायची मुभा आता नियमातच आहे.

मायाक्काची नळी निघाली त्या दिवशी शहाजीने इंद्रायणींना फोन केला. तिचा घसा बसला होता, कान जवळ न्यावा लागत होता.

"काय म्हणाली पहिल्यांदा?"

"मेंढरं कुटं हायती म्हनली," शहाजी म्हणाला, आणि पलीकडे सिद्धनाथ इतका मोठ्याने हसला की परिचारिका रागावल्याचं इंद्रायणींना फोनवरूनही ऐकू आलं.

त्यानंतरच्या एका बाजाराच्या दिवशी इंद्रायणी सहज म्हणून नियंत्रण कक्षात गेल्या. गर्दी होती. फोन वाजत होते, ऋतुजा एकामागून एक घेत होती. अवधूत आपल्या पडद्याकडे बघत जागच्या जागी ताठ झाला होता. ऋतुजाने एक फोन खाली ठेवताच तो धावत तिच्याकडे आला.

"मघाशी तुला काही जाणवलं का?"

"काय?"

"मोहोळचा सर्व्हर जुनी ठिकाणं द्यायला लागला होता. पहारेकऱ्यानं त्याला बाजूला काढलं, पुन्हा चालू केलं, तपासलं, आणि परत कामाला लावलं. मी हातसुद्धा लावला नाही!"

"कधी?"

"तू त्या मंद्रूपच्या बाळंतिणीला गाडी दिलीस तेव्हा."

ऋतुजा आठवू लागली. तिने एकदाच बटण दाबलं होतं. गाडी लगेच मिळाली होती.

"मुलगी झाली तिला," ती म्हणाली. "गाडीतच. शहाजीदादांचा आत्ता फोन आला होता. दोघी बऱ्या आहेत."

आणि वाजणारा पुढचा फोन तिने उचलला.